स्थिर चित्रांची बोलती कथा

एकटें चित्र मुकें असतें. त्याच्या शेजारीं दुसरें चित्र येऊन बसलें आणि त्या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेंत कोणाचा तरी आवाज शिरला, म्हणजे त्यांची कथा होते. ही गोष्ट मनुष्यास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. आज घरोघरीं संगणक आणि हातोहातीं मोबाइल आल्यामुळें आजोबांच्या लग्नाचे, पडून गेलेल्या वाड्याचे किंवा गांवच्या जत्रेचे वीसपंचवीस फोटो ओळीनें लावून, त्यांवर आपला आवाज चढवून, तीनचार मिनिटांची चित्रफीत तयार करण्याची हौस सुशिक्षित कुटुंबांत बरीच वाढली आहे. हौसेच्या पाठोपाठ प्रश्न येतो, तो हा कीं, या कामासाठीं व्हिडिओ-संपादनाचें कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें? वरवर पाहतां हा प्रश्न दुकानदारास विचारण्याजोगा दिसतो. परंतु त्याच्या पोटांत एक जुना प्रश्न दडलेला आहे. चित्र केव्हां पालटावें, हें कोणीं ठरवावयाचें? सांगणाऱ्यानें, कीं साधनानें? महाराष्ट्रांत या प्रश्नाला निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें मिळालीं आहेत. तीं क्रमानें पाहिलीं, तर आजची निवड पुष्कळ सोपी होते.

आरंभ जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखापासून करणें सोयीचें आहे. जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें. विलीनीकरणानंतर तो प्रदेश ठाणें जिल्ह्यांत गेला, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून शेजारच्या मोखाड्यासह तो नव्या पालघर जिल्ह्यांत आला. या पट्ट्यांतील वारली समाजांत लग्नाच्या वेळीं घरांतील गेरूनें सारविलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानें चौक लिहिला जातो. बांबूच्या काडीचें टोंक चावून त्याचा कुंचला करतात, आणि परंपरेनें हें काम सवासिणींचें असतें. चौकाच्या मध्यभागीं पालघट देवी असते. भोंवतालीं झाडें, पशुपक्षी, माणसें आणि घोड्यावरील वधूवर असतात. पण चौक पुरा लिहिला म्हणून विधि पुरा होत नाहीं. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, त्याच्यासमोर गाणीं म्हणते, देवतांना नांवें घेऊन बोलावते, आणि मगच त्या भिंतीला अर्थ येतो. येथें चित्र एकच असतें आणि तें जागचें हालत नाहीं. हालते ती पाहणाराची नजर, आणि तिला वाट दाखविते ती धवलेरीची वाणी. लग्न झालें, पावसाळा आला, भिंत पुन्हां सारवली, कीं चौक नाहींसा होतो. त्याचें कोणास दुःख होत नाहीं. कारण गाणें येणारी स्त्री आणि लिहिणारा हात शिल्लक असतो, आणि पुढील लग्नांत चौक पुन्हां उभा राहतो. साधन नाशवंत असलें तरी कथा टिकते ती कशानें, याचें हें पहिलें उत्तर होय.

त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशीं, परंतु कोंकणाच्या अगदीं दक्षिण टोंकास, कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर समाजांत चित्रकथीची परंपरा नांदत आलेली आहे. चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत सांपडतो. तेव्हां हा व्यवसाय निदान आठनऊशें वर्षें जुना खरा. चित्रकथी कागदावर रंगविलेलीं चित्रें पाठीला पाठ लावून चिकटवितो आणि एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा एकत्र बांधून ठेवतो. त्या गठ्ठ्यास ‘पोथी’ म्हणतात. वीणा, हुडुक आणि टाळ यांच्या साथीवर तो रामायण-महाभारतांतील प्रसंग गातो, आणि गातां गातां एकेक चित्र पुढें करतो. भिंतीवरच्या चौकाहून येथें एक मोठा फरक पडला. चित्रें अनेक झालीं, त्यांना क्रम आला, आणि चित्र पालटण्याचा अधिकार सांगणाऱ्याच्या हातीं आला. श्रोते रमले आहेत असें दिसलें, तर युद्धाचें चित्र तो आणखी कांहीं क्षण धरून ठेवतो. त्यांचें लक्ष उडालें, तर दोन चित्रें भरभर पुढें सरकवितो. या कलेसाठीं पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. आजच्या सॉफ्टवेअरमध्यें पडद्याच्या तळाशीं जी आडवी पट्टी दिसते, जिला टाइमलाइन म्हणतात, ती तत्त्वतः चित्रकथ्याची पोथीच आहे. भेद इतकाच कीं, चित्रकथी श्रोत्यांकडे पाहून पानें उलटतो, आणि टाइमलाइनवर तीं आधींच उलटून ठेवावीं लागतात.

हा भेद एकाएकीं उत्पन्न झाला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, जव्हारचा मुलूख पुढें ज्या ठाणें जिल्ह्यांत गेला त्याच जिल्ह्यांतील कल्याण येथें, महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र यांनीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें कांचेवरील चित्रांचे खेळ करण्यास प्रारंभ केला. मायावी विद्येसाठीं पुराणांत प्रसिद्ध असलेल्या शंबरासुरावरून हें भारदस्त नांव योजिलेलें होतें. यंत्र मात्र युरोपांतून आलेला जादूचा कंदील, म्हणजे मॅजिक लँटर्न, हेंच होतें. कांचेच्या पट्ट्यांवर हातानें चित्रें रंगवावयाचीं आणि दिव्याच्या प्रकाशानें तीं पडद्यावर मोठीं करून दाखवावयाचीं, अशी ही रीति होती. पटवर्धनांनीं एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्थांचीं चित्रें निरनिराळ्या कांचांवर काढलीं, एकाहून अधिक कंदील वापरले, आणि एक चित्र विरतें न विरतें तोंच दुसरें त्याच्या जागीं आणून पात्र हालल्याचा भास उत्पन्न केला. आज ज्याला ‘डिझॉल्व्ह’ म्हणतात आणि जो सॉफ्टवेअरमध्यें एका बोटानें लावतां येतो, तो परिणाम कल्याणच्या या मंडळींनीं हातानें साधला होता. तथापि सूत्रें अद्याप माणसाच्याच हातांत होतीं. निवेदक थांबला तर कंदीलवालाही थांबे.

मोखाड्याहून घाट चढून गेलें म्हणजे त्र्यंबक लागतें. त्या त्र्यंबकेश्वरीं ३० एप्रिल १८७० रोजीं धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. चित्रकला, फोटोग्राफी, मुद्रण आणि जादूचे प्रयोग हे सर्व विषय हाताळून झाल्यावर १९१२ च्या आरंभीं ते लंडनला गेले आणि विल्यमसनचा कॅमेरा घेऊन परतले. पौराणिक चित्रपट काढण्यापूर्वीं भांडवलदारांची खात्री पटविणें आवश्यक होतें. त्यासाठीं त्यांनीं जें केलें, तें प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें त्यांच्या सर्व चित्रपटांपेक्षां अधिक बोधप्रद आहे. त्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोखून ठेवला, आणि महिन्याहून अधिक काळ ठराविक अंतरानें त्या रोपट्याचें एकेक स्थिर चित्र घेतलें. तीं चित्रें सलग पडद्यावर पडलीं, तेव्हां पाहणारांस दाणा फुटून, अंकुर वर येऊन, वेल चढतांना दिसला. मूक चित्रपटांच्या काळीं सेकंदास साधारण सोळा चित्रें पडद्यावरून जात. म्हणजे एका मिनिटाच्या दृश्यास जवळजवळ हजार स्थिर चित्रें लागत. ‘अंकुराची वाढ’ या छोट्या चित्रपटावर भांडवल मिळालें. पुढें सुमारें ३,७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. फिल्मला भोंकें पाडण्याचें आणि ती धुण्याचें काम पत्नी सरस्वतीबाई घरांतच करीत असत.

या घटनेनें स्थिर चित्रांच्या कथेंत क्रांति झाली, तशीच एक हानिही झाली. चित्रांची गति आतां यंत्रांत कायमची बंदिस्त झाली. कात्रीनें फिल्म कापून आणि चिकटवून जोडली, कीं त्या क्षणीं कथेचा वेग ठरला. मग श्रोता कंटाळो वा रमो, चित्र आपल्या वेळींच जाणार. त्यामुळें चित्रकथ्याच्या अंगीं समोरच्या श्रोत्यांकडे पाहून जो विवेक जागा होत असे, तो संपादकास आधींच, एकान्तांत, श्रोता कल्पून वापरावा लागतो. संपादन म्हणजे केवळ कापाकापी नव्हे, तें याच कारणानें.

फिल्मच्या युगांतही स्थिर चित्रावर श्रद्धा ठेवणारे कलावंत निपजले. १९५७ सालीं कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळानें ‘सिटी ऑफ गोल्ड’ हा लघुपट काढला. सोन्याच्या शोधांत डॉसन शहरीं लोटलेल्या लोकांच्या जुन्या फोटोंवरून त्यांत कॅमेरा इतक्या सावकाश फिरविला आहे कीं, निश्चल चेहरे श्वास घेऊं लागल्याचा भास होतो. १९६२ मध्यें फ्रान्समध्यें क्रिस मार्कर यांनीं ‘ला जेते’ हा २८ मिनिटांचा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणें स्थिर फोटोंचा बनविला; त्यांत एका स्त्रीचे डोळे उघडतात, तेवढाच काय तो क्षण हालता आहे. पुढें अमेरिकेंतील केन बर्न्स यांनीं १९९० च्या ‘द सिव्हिल वॉर’ या मालिकेंत ही रीति इतक्या विपुलतेनें वापरली कीं, फोटोवरून सावकाश सरकण्याच्या क्रियेला सॉफ्टवेअरांत त्यांचेंच नांव पडलें.

इकडे वारल्यांच्या भिंतीचें काय झालें? १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नानें चौकाची कला भिंतीवरून कागदावर उतरली. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनीं ती केवळ विधीपुरती न ठेवतां रोजच्या जीवनाच्या आणि दंतकथांच्या चित्रणाला लावली. १९७६ सालीं त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्यें पद्मश्री मिळाली. २०१८ मध्यें ते निवर्तले. वारली चित्र जगभर गेलें, हा आनंदाचाच विषय आहे. परंतु कागद प्रवास करूं शकला, तसा आवाज करूं शकला नाहीं. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत टांगलेल्या चौकासमोर धवलेरी नाहीं. चित्र आणि वाणी यांची ताटातूट झाली, आणि ती पुन्हां जोडण्याचें सामर्थ्य असलेलें साधन पुढें वीस वर्षांनीं संगणकाच्या रूपानें पुढें आलें.

१९९१ च्या अखेरीस ॲडोबी कंपनीनें प्रीमियर हें संपादनाचें सॉफ्टवेअर बाजारांत आणलें, आणि लाखों रुपयांच्या यंत्रांचें काम टेबलावरच्या संगणकांत होऊं लागलें. १९९४ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें डेना ॲचली, जो लँबर्ट आणि नीना मुलन यांनीं सामान्य माणसांसाठीं अशा साधनांवर कार्यशाळा सुरू केल्या. ज्याला आज ‘डिजिटल कथाकथन’ म्हणतात, त्याचा संसार येथून थाटला गेला. तिचा घाट साधा होता: दोनतीन मिनिटें, मोजके घरचे फोटो, आणि ज्याची कथा त्याचाच आवाज. वेल्समध्यें बीबीसीनें २००१ पासून कांहीं वर्षें हाच उपक्रम गांवोगांव नेला. या मंडळींनीं आवाजाला चित्राच्या आधीं स्थान दिलें, हें विशेष. प्रथम शब्द लिहावयाचे, मग ते स्वतः बोलून ध्वनिमुद्रित करावयाचे, आणि शेवटीं त्या आवाजाच्या मापानें चित्रें बसवावयाचीं. धवलेरी आणि चित्रकथी यांचाही क्रम हाच नव्हे काय?

आतां मूळ प्रश्नाकडे वळणें योग्य होईल. सॉफ्टवेअरचीं नांवें पुष्कळ आहेत. परंतु वरील इतिहासांतून त्यांना लावावयाच्या चार कसोट्या आपोआप निघतात.

पहिली कसोटी अशी कीं, प्रत्येक चित्र किती वेळ राहील हें सांगणाऱ्यास स्वतः ठरवितां आलें पाहिजे. कित्येक मोबाइल ॲपें फोटो घेऊन संगीताच्या ठेक्यावर तीं आपोआप उडवितात. तीन मिनिटांच्या कथेंत वीस चित्रें असलीं, तर प्रत्येकास सरासरी नऊ सेकंद मिळतात. पण सरासरीनें कथा चालत नाहीं. आजीच्या चेहऱ्यास पंधरा सेकंद आणि आगगाडीच्या तिकिटास तीन, असा पंक्तिप्रपंच करावाच लागतो. फोटोवरून सरकण्याची दिशा आणि वेगही हातानें ठरवितां यावा. यासाठीं चित्र पुरेसें मोठें असावें लागतें. पडद्याची रुंदी १,९२० बिंदूंची असेल आणि फोटोच्या अर्ध्या भागापर्यंत जवळ जावयाचें असेल, तर मूळ चित्र ३,८४० बिंदू रुंद हवें. सहा इंचांचा जुना फोटो ३०० च्या मापानें स्कॅन केला तर १,८०० बिंदूच मिळतात. ६०० च्या मापानें केला तर ३,६०० मिळतात आणि काम बहुतांशीं भागतें.

दुसरी कसोटी आवाजाची. निवेदन, संगीत आणि पार्श्वध्वनि यांना निरनिराळ्या पट्ट्या मिळाव्या, आणि बोलणें सुरू होतांच संगीत खालीं उतरवितां यावें. ज्या साधनांत गाणें निवडण्याची सोय मोठी आणि स्वतःचा आवाज घालण्याची सोय लहान, तें कथेचें साधन नव्हे.

तिसरी कसोटी मराठीची. पडद्यावर नांवें व तारखा देवनागरींत लिहावयाच्या असतील, तर जोडाक्षरें, रफार आणि वेलांट्या नीट जुळतात कीं नाहीं, हें सॉफ्टवेअर घेण्यापूर्वींच पाहावें. ‘त्र्यंबक’, ‘जव्हार’ आणि ‘धुंडिराज’ हे तीन शब्द लिहून पाहिले, कीं पुष्कळशी परीक्षा होते. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचतां येत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. तें साधन उद्यां नाहींसें झालें, तर हातीं काय उरेल? मायक्रोसॉफ्टचें मूव्ही मेकर २००० सालीं आलें, विनामूल्य असल्यामुळें शाळांतून आणि घरांतून रूढ झालें, आणि जानेवारी २०१७ मध्यें कंपनीनें तें बंद केलें. ज्यांनीं केवळ त्याच्या कामाच्या फायली जपल्या होत्या, त्यांच्यापाशीं कुलुपें राहिलीं आणि किल्ल्या गेल्या. कारण अशा फायलींत फोटो नसतात, फोटो कोठें ठेवले आहेत याची केवळ नोंद असते. जून २०२० मध्यें भारत सरकारनें जीं ५९ मोबाइल ॲपें बंद केलीं, त्यांत चित्रफिती जोडण्याचें विवा व्हिडिओही होतें. तेव्हां मूळ फोटो, निवेदनाचा लेखी मजकूर, स्वतंत्र ध्वनिमुद्रण आणि तयार चित्रफीत या चार वस्तु निरनिराळ्या, दोन ठिकाणीं जपून ठेवाव्या, आणि आंतरजालाशीं संबंध तुटतांच थांबणारें साधन डोंगराळ भागांतील कामास घेऊं नये.

या कसोट्यांस बहुतांशीं उतरणारीं साधनें विनामूल्य उपलब्ध आहेत. ओपनशॉट, शॉटकट आणि केडेनलाइव्ह हीं तिन्ही मुक्त परवान्याचीं आहेत. त्यांची रचना सर्वांना खुली असल्यामुळें एखाद्या कंपनीच्या लहरीवर त्यांचें आयुष्य अवलंबून नाहीं, आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर तीं चालतात. नवशिक्यास ओपनशॉट सोपें पडतें. चित्रांची आणि आवाजाची बारीक कारागिरी करणाऱ्यास केडेनलाइव्हमध्यें अधिक वाव मिळतो. डा व्हिंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ति फार समर्थ आहे, पण तिला तितकाच समर्थ संगणक लागतो. वीस फोटोंच्या कथेसाठीं एवढा हत्ती पोसण्याचें कारण नाहीं. ॲपलच्या यंत्रांवर आयमूव्ही चांगलें चालतें, परंतु त्या यंत्रांबाहेर तें जात नाहीं.

हा सर्व विचार केवळ हौसेचा आहे असें कोणास वाटेल, तर त्यानें जव्हार तालुक्यांतील वावर या गांवाचें नांव आठवावें. १९९२ सालीं वावर-वांगणी परिसरांत कुपोषणानें बालकें दगावलीं, आणि हीं दोन नांवें वृत्तपत्रांतून महाराष्ट्रभर पोहोचलीं. त्या बातम्या छापल्या जाणें अगत्याचें होतें. परंतु चित्र घेणारा बाहेरचा, मजकूर लिहिणारा बाहेरचा, आणि चित्र केव्हां पालटावें हें ठरविणाराही बाहेरचाच होता. त्यामुळें कित्येक वाचकांच्या मनांत तो सारा मुलूख एकाच चित्रावर गोठून राहिला. त्याच मुलखांत चौक लिहिणारे हात आणि गाणारी वाणी आहे, हें त्यांना दिसलें नाहीं. गांवानें आपली कथा आपल्या आवाजांत सांगावयाची, तर त्याला महागडें यंत्र नको. एक साधा संगणक, घरच्यांच्या संमतीनें घेतलेलीं वीस चित्रें, धवलेरीच्या गाण्याचें तिच्याच तोंडचें ध्वनिमुद्रण, आणि पान उलटण्याचा अधिकार गांवकऱ्याच्या हातीं ठेवणारें सॉफ्टवेअर, एवढें पुरे. शहरांतील कुटुंबांनींही आपल्या घरांतील वृद्धांपासून हेंच शिकावें. फोटो पेटींत कित्येक वर्षें टिकतात. त्यांतील माणसें कोण, हें सांगणारा आवाज तितका टिकत नाहीं. म्हणून सॉफ्टवेअर निवडण्यांत महिना घालविण्यापूर्वीं, तो आवाज आजच मुद्रित करून ठेवावा.